शब्दवेध : तांबट

‘तांबट’ हा शब्द संस्कृत ‘ताम्रकुट्ट’वरून आला; ताम्र म्हणजे तांबे, कुट्ट म्हणजे ठोकणारा. जुन्या नाशकातली तांबट आळी याच कारागिरांची. हेच नाव एका पाखराला मिळाले ते निव्वळ आवाजावरून : चोच मिटलेली, गळा फुगलेला आणि मिनिटाला शंभराहून अधिक ‘टुक्-टुक्’ ठोके. रंगाने मात्र ते तांब्याचे नाही. अंग हिरवे, कपाळ आणि छातीवरचा पट्टा लाल, डोळ्यांभोवती पिवळे. १७७६ साली प्राणिशास्त्रज्ञ म्युलरने दिलेले शास्त्रीय नाव या लाल डोक्यावरून आहे; मराठीची निवड अधिक नेमकी, कारण पानांत हा पक्षी दिसतो कमी, ऐकू येतो फार. वड, पिंपळ, उंबराची फळे हे त्याचे मुख्य अन्न. घरटे तो वाळक्या फांदीत चोचीने कोरतो.