सभिकाचा वाटा

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, ज्याला रामेश्वर लेणे म्हणतात, शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसल्याचे एक शिल्प आहे. खालच्या पट्ट्यात नंदी असून त्याच्याभोवती गणांची गडबड चालली आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस आपल्याकडे द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे आणि त्या दिवशी घरोघर सोंगट्या किंवा पत्ते मांडण्याची चाल होती. तेव्हा फाशांचा खेळ आपल्या परंपरेला अपरिचित होता किंवा केवळ निषिद्धच होता असे म्हणता येणार नाही. मात्र उमामहेश्वरांच्या त्या डावात खेळणारी दोघेच आहेत. बाजूस बसून प्रत्येक डावातून आपला वाटा उचलणारा तिसरा कोणी त्या शिल्पात नाही. प्रस्तुत लेख त्या तिसऱ्याविषयी आहे.

या तिसऱ्यास शास्त्रकारांनी ‘सभिक’ म्हटले आहे. सभिक म्हणजे द्यूतसभा चालविणारा, जागा, फासे व कवड्या पुरविणारा. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला आहे. द्यूत एकाच ठिकाणी चालावे, अन्यत्र खेळणारास बारा पण दंड व्हावा, अध्यक्षाने शुद्ध काकण्या व फासे ठेवावेत, त्यांचे भाडे व पाण्याचे आणि जागेचे शुल्क निराळे घ्यावे, आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच आपल्याकडे वळवावे, अशी त्याची व्यवस्था आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही पाचाचाच दर येतो, पण एका बारकाव्यासह. ज्याची जीत शंभर किंवा त्याहून अधिक त्याच्याकडून शेकडा पाच, इतरांकडून शेकडा दहा. म्हणजे लहान खेळाडूस दर दुप्पट! या स्मृतीवरील मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयाने कल्याण येथे लिहिली. ते कल्याण म्हणजे पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील बसवकल्याण होय. जिंकणाऱ्यास त्याचे द्रव्य हरणाऱ्याकडून वसूल करून देण्याची जबाबदारीही याज्ञवल्क्याने सभिकावरच टाकली आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे. मनूला मात्र ही सारी व्यवस्था मान्य नाही. राजाने द्यूत राज्यातून काढून टाकावे आणि खेळणारा व खेळविणारा या दोघांसही शासन करावे, असे त्याचे मत आहे.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त, जे गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले, माथुर नावाचा सभिक आहे. संवाहक त्याच्याकडे दहा सुवर्ण हरतो आणि पळ काढतो. मागावरच्यांस चकविण्यासाठी तो उलट्या पावलांनी एका ओस देवळात शिरतो आणि रिकाम्या गाभाऱ्यात स्वतःच मूर्तीसारखा उभा राहतो. माथुरास संशय येतो. पण तो हाणामारी करीत नाही, तेथेच आपल्या सोबत्याशी डाव मांडतो. फाशांचा आवाज कानी पडताच त्या ‘मूर्ती’स राहवत नाही आणि ती उडी घेऊन डावात येते. सभिकाची सारी विद्या या एका प्रसंगात आहे. पळालेल्याला धरून आणावे लागत नाही, त्याच्या कानी आवाज पडला की पुरे.

आता आपण हैदराबादेकडे वळू. निजामी राज्यात १३०५ फसलीत, म्हणजे इ. स. १८९५-९६ च्या सुमारास, जुगारबंदीचा कायदा झाला. तो राज्याच्या विलीनीकरणानंतरही चालू राहिला, आणि त्याच कायद्याखाली एक खटला उभा राहून देशभर प्रमाण ठरला. १९६३ साली सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा तेथे पैसे लावून रमी चालली होती. दंडाधिकाऱ्यांनी आरोपींस दोषी ठरविले, उच्च न्यायालयाने सोडले, आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९६७ मध्ये न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकाल दिला की रमी हा तीन पत्तीसारखा निव्वळ दैवाचा खेळ नव्हे. पडलेली पाने स्मरणात ठेवणे आणि कोणते पान धरावे, कोणते टाकावे हे ठरविणे यात कौशल्याचा भाग मोठा आहे. सरकारचे अपील फेटाळले गेले.

या निकालाचे हे पहिले वाक्य पुढे प्रत्येक कंपनीच्या जाहिरातीत झळकले. दुसरे वाक्य कोणी छापले नाही. त्याच निकालात न्यायालयाने म्हटले होते की क्लबचा चालक जर रमीतून किंवा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या अन्य कोणत्याही खेळातून स्वतः नफा काढीत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकेल. म्हणजे न्यायालयाचीही नजर अखेर सभिकाच्या वाट्यावर गेली होती.

पोकर या अमेरिकन पत्त्यांच्या खेळास आंतरजालावर खऱ्या पैशाने आरंभ झाला तो जानेवारी १९९८ मध्ये. २००३ साली टेनेसीमधील एका हिशेबनिसाने, शंभर डॉलरहूनही कमी प्रवेशशुल्काच्या आंतरजालीय स्पर्धेतून पुढे जाऊन, लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत २५ लाख डॉलर जिंकले आणि या धंद्याची भरभराट झाली. गेल्या दशकात ही लाट भारतात आली. जामबाग, गौळीगुडा, सुलतानबाजार, काचीगुडा या आपल्या जुन्या मराठी वस्त्यांतही ती पोहोचली. विवेकवर्धिनीच्या फाटकासमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइलवर संदेश येई : ‘दहा हजार भरा, दहा हजार बोनस मिळवा.’ दिवाळीच्या दिवसांत हे संदेश अधिक येत. द्यूतप्रतिपदा कंपन्यांनाही ठाऊक होती.

हा बोनस म्हणजे नेमके काय, ते आकड्यांनी पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. घाट मात्र या धंद्यात सर्वत्र चालत आलेला आहे.

दहा हजार भरल्याबरोबर खात्यात वीस हजार दिसू लागतात. परंतु दुसरे दहा हजार कुलुपात असतात. ते काढता येत नाहीत आणि बहुधा खेळताही येत नाहीत. ते पाचशेपाचशेच्या हप्त्यांनी मोकळे होतात, आणि प्रत्येक हप्त्यासाठी खेळाडूकडून ठरावीक ‘रेक’ जमा व्हावा लागतो. रेक म्हणजे प्रत्येक डावाच्या गंगाजळीतून कंपनी कापून घेते तो भाग. त्याचा रूढ दर आहे शेकडा पाच. कौटिल्याचाच दर! समजा, पाचशे रुपये मोकळे होण्यासाठी दोन हजार रुपये रेक लागतो. शेकडा पाचाने दोन हजार जमण्यासाठी आपल्या हातून चाळीस हजार रुपये डावांत लागले पाहिजेत. असे वीस हप्ते, म्हणजे आठ लाख रुपये. मुदत साठ दिवस धरली तर रोजचे तेरा हजारांहून अधिक झाले. दहा हजार भरणाऱ्याने आपली सारी रक्कम ऐंशी वेळा पटावरून फिरवावी, तेव्हा ते दहा हजार त्याचे होतात. आणि तोवर त्याच्याकडून चाळीस हजार कंपनीच्या पेटीत गेलेले असतात. ज्याला बक्षीस म्हटले ते वस्तुतः आपल्याच कापलेल्या पैशातील चौथाई परत मिळणे आहे. दुकानदाराने आधी भाव चढवून मग सूट द्यावी, तसा हा प्रकार.

मुदत संपली की उरलेले हप्ते नाहीसे होतात. साठाव्या दिवशी एकोणिसावा हप्ता अर्धा भरला असेल तर तो अर्धाही बुडतो. मोठ्या डावांवर रेकची वरची मर्यादा असते, त्यामुळे मोठा पण लावणाऱ्यास दर कमी पडतो आणि लहान पण लावणाऱ्यास पुरता. याज्ञवल्क्याचा तो दुप्पट दर येथे दुसऱ्या रूपाने पुन्हा भेटतो. पहिली तीन पाने उघडण्यापूर्वीच सर्वांनी हार मानली तर त्या डावातून बहुधा रेक कापला जात नाही, म्हणून तो बोनसच्या हिशेबातही येत नाही. सावध खेळाडू निकृष्ट पाने टाकून देतो. परंतु मुदतीचा काटा ज्याच्या मानेवर आहे त्याला पाने टाकणे परवडत नाही. तो नको ते डाव खेळतो. बोनसमधील खरा फास येथे आहे असे आमचे मत आहे, कारण ज्या कौशल्याच्या जोरावर या खेळास न्यायालयात संरक्षण मागितले जाई, त्या कौशल्याच्या नेमके उलट वागण्यास हीच अट खेळाडूस भाग पाडते.

बाकीच्या अटी थोडक्यात सांगतो. ‘पन्नास हजारांपर्यंत’ या शब्दांतील ‘पर्यंत’ बारीक टाइपात असतो. विशिष्ट अक्षरसंकेत भरावयाचा राहिला तर बोनस लागू होत नाही, आणि नंतर भरता येत नाही. मध्येच स्वतःचे पैसे काढले तर उरलेला बोनस रद्द होण्याची अट अनेक ठिकाणी असे. काही वेळा रोख रकमेऐवजी स्पर्धेची तिकिटे देत, आणि तीही आठवड्याभरात वापरावी लागत. इंग्लंडमध्ये असल्या अटींविरुद्ध सरकारी चौकशी होऊन २०१८ साली काही मोठ्या कंपन्यांस त्या सोडाव्या लागल्या. तेथील नियामकाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या नियमांत बोनस किती पट खेळावा लागेल यावर दहापटीची मर्यादा आली.

आमच्या गोमंतकीय वाचकांस यात नवे काही वाटणार नाही. जत्रेत देवदर्शनाच्या वाटेवर मांडलेला गडगडो त्यांनी पाहिलेला आहे. गोव्यात १९७६ च्या जुगारबंदी कायद्यास १९९२ नंतर अपवाद जोडले गेले आणि मांडवीच्या पात्रात कॅसिनोंच्या बोटी उभ्या राहिल्या. तेथील प्रवेशमूल्यात जेवणाबरोबर काही सोंगट्या ‘फुकट’ मिळतात, पण त्या खिडकीवर वटत नाहीत, एकदा पटावर लावाव्याच लागतात. २०२० पासून गोमंतकीयांना त्या बोटींवर खेळण्यास सरकारने मनाई केली, ही गोष्टही बोलकी आहे.

जामबागेतील खेळाडूस मात्र एक आगळी अडचण होती. जून २०१७ मध्ये तेलंगण सरकारने वटहुकूम काढून १९७४ च्या आपल्या कायद्यात दुरुस्ती केली आणि कौशल्याच्या खेळांची सूट काढून घेऊन आंतरजालावर पैसे लावून खेळणेच गुन्हा ठरविले. देशात हे पाऊल प्रथम तेलंगणाने टाकले. कंपन्यांनी आपल्या अटींत तेलंगणातील रहिवाशांस मज्जाव केला. पण येथील मराठी घरांचे निम्मे गणगोत नांदेड, लातूर, परभणीकडे! मामाच्या पत्त्यावर खाते उघडणे अवघड नव्हते. पैसे घेताना कोणी पत्ता फारसा तपासत नसे. जिंकलेले काढू गेल्यावर ओळखपत्र, पॅन, बँकेचे नाव आणि मोबाइलचे ठिकाण यांची पडताळणी सुरू होई, आणि मनाई असलेल्या राज्यातून खेळल्याबद्दल खाते गोठवून बोनस व जीत जप्त करण्याचे कलम पुढे येई. तक्रार कोठे करणार? तक्रारदार स्वतःच राज्याच्या कायद्याने गुन्हेगार ठरत होता. मुलाने आईच्या नावावर खाते उघडले असेल तर घरातील दुसऱ्या माणसावरही संकट.

कराचे कलमही येथे नोंदले पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकीवर शेकडा तीस कर मुळातच कापला जाऊ लागला आणि मोकळा होऊन काढता येण्याजोगा झालेला बोनसही त्या हिशेबात धरला जाऊ लागला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर शेकडा अठ्ठावीस वस्तू व सेवा कर आला. दहा हजार भरले तर त्यातील २,१८७ रुपये ५० पैसे पहिल्याच क्षणी कराचे. ती तूट पुष्कळ कंपन्यांनी ‘बोनस’ म्हणूनच भरून दाखविली!

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने या विषयावर कायदा केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य आणि दैव हा भेद या कायद्याने पुसून टाकला. पैसे लावून खेळविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड, अशा शिक्षा त्यात आहेत. खेळणारास शिक्षा नाही. खेळविणाऱ्यास दंड आणि खेळणाऱ्यास मोकळीक ही विभागणी मनूने केली नव्हती. देशी कंपन्यांनी त्यानंतर पैशाचे डाव बंद केले आणि कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे गेल्या.

परंतु परदेशी बेटांवर नोंदलेल्या संकेतस्थळांचे संदेश थांबलेले नाहीत, आणि त्यांचे बोनस देशी कंपन्यांहून मोठे असतात. यातील धोका बोनसच्याही पलीकडचा आहे. २०११ साली अमेरिकन सरकारने ‘फुल टिल्ट पोकर’ या विख्यात कंपनीच्या हिशेबाविषयी न्यायालयात सांगितले की खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे असताना तिच्या बँकखात्यांत सुमारे ६ कोटीच होते. पडद्यावर दिसणारे आकडे केवळ आकडे होते. आणि आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे तिसावे कलम सांगते की पैजेचा करार निरर्थक असून जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालणार नाही. याज्ञवल्क्याच्या सभिकावर जिंकणाऱ्यास त्याचे द्रव्य मिळवून देण्याचे बंधन होते, आणि तो चुकला तर दाद मागावयास राजा होता. बेटावरच्या सभिकाचा पत्ता एक टपालपेटी असते.