कोटितीर्थाकांठचा चित्रकार

कोल्हापुरानें महाराष्ट्राला मल्ल दिले, गवई दिले, तसेच चित्रकारहि दिले. परंतु कुस्ती आखाड्यांत हजारों लोक पाहतात, गाणें मैफलींत ऐकूं येतें. चित्राची गोष्ट निराळी. तें ज्या भिंतीवर टांगलेलें असेल, त्या भिंतीपुरतेंच त्याचें जग. अबालाल रहिमान यांचीं निसर्गचित्रें रसिकांना इतक्या उशिरा कां गवसलीं, याचें उत्तर या साध्या गोष्टींत आहे.

अबालाल मूळचे कोल्हापूरचे. कुराणाच्या सुशोभित प्रती हातानें लिहिण्याचा वारसा त्यांच्या घराण्यांत होता. रेषेची शिस्त त्यांना घरींच लाभली. पुढें ते मुंबईस गेले आणि सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत शिकले. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं तेथें पाश्चात्य पद्धतीचें यथार्थ चित्रण शिकवीत असत. १८८८ सालीं अबालालांना व्हाइसरॉयचें सुवर्णपदक मिळालें. असा तरुण मुंबईंतच राहता तर कोणास नवल वाटलें नसतें. अबालाल मात्र कोल्हापुरास परतले.

याच कोल्हापुरांत १८६७ सालीं जन्मलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनीं दुसरी वाट धरली. १८९० सालीं ते त्याच कलाशाळेंत दाखल झाले, पुढें तेथेंच शिक्षक झाले आणि मुंबईकर होऊन राहिले. पुस्तकें, पोस्टकार्डें आणि रंगीत छापील चित्रें यांच्या द्वारें त्यांची कला घरोघर पोंचली. छापखाना ज्याच्या पाठीशीं, त्याची कीर्ति दूरवर जाते. अबालालांच्या पाठीशीं होते छत्रपति शाहू महाराज. दरबारचे चित्रकार म्हणून महाराजांनीं त्यांना आश्रय दिला. पण राजाश्रय पोटाची चिंता दूर करतो. कीर्ति वेशीबाहेर नेतोच असें नाहीं.

अबालालांनीं रंगविलें काय? कोटितीर्थाचें तळें, रंकाळा, पाण्यांत उभा असलेला संध्यामठ, पंचगंगेचा घाट. तेंच पाणी, तीच झाडी. परंतु सकाळचें कोंवळें ऊन निराळें आणि तिन्हीसांजेची छाया निराळी. क्लोद मोने प्रभृति फ्रेंच चित्रकारांचें पहिलें प्रदर्शन पॅरिसला १८७४ सालीं भरलें. त्यांनींहि पालटत्या उजेडाचाच पाठलाग केला होता. अबालाल या वाटेला लागले ते एका तळ्याकांठीं वर्षानुवर्षें बसून.

१९२२ सालीं शाहू महाराज निवर्तले आणि अबालालांचा आधार तुटला. पुढचीं वर्षें हलाखींत गेलीं. निराश होऊन त्यांनीं आपलीं कितीतरी चित्रें कोटितीर्थांत बुडविलीं, अशी आख्यायिका कोल्हापुरांत सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यांत गांवाची हळहळ आहे. १९३१ सालीं अबालाल गेले.

नांव मागें उरलें तें पुढच्या कलावंतांमुळें. दत्तोबा दळवी, १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा बोलपट-पूर्व काळांतील गाजलेला चित्रपट काढणारे बाबूराव पेंटर, आणि कुंचल्याबरोबर लेखणीहि चालविणारे माधवराव बागल, यांच्या पिढीनें अबालालांना कोल्हापूरच्या चित्रपरंपरेंत आद्य स्थान दिलें. टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत त्यांचीं चित्रें रसिकांना पाहावयास मिळालीं, आणि एका घराच्या भिंतीवरचें धन सर्वांचें झालें.

हीं चित्रें केवळ सुंदर आहेत म्हणून मोलाचीं नाहींत. रंकाळ्याकांठचा शालिनी पॅलेस १९३४ सालीं पुरा झाला. अबालालांनीं पाहिलेला रंकाळा त्याच्या आधींचा. कोटितीर्थाशेजारीं शाहू मिल उभी राहिली ती १९०६ सालानंतर. तिच्या पूर्वीचें तळेंहि त्यांच्या डोळ्यांनीं पाहिलेलें होतें. गांव बदलतें, आणि बदलण्यापूर्वीं तें कसें होतें याची साक्ष कागदाच्या एका तुकड्यावर राहते.

म्हणून जुन्या वाड्याची आवराआवर करतांना माळ्यावर एखादें विटलेलें तळ्याचें चित्र सांपडलें, तर तें रद्दींत घालण्यापूर्वीं जाणत्या माणसास दाखवावें. परगांवीं गेलेल्या कलावंताची आठवण छापील कागदांनीं जपली. गांवीं राहिलेल्याची आठवण गांवानेंच जपली पाहिजे.