चुंबकी भोवऱ्यांची कुळकथा

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाही अमदानीत जो बंधारा उभारला गेला, त्याच्या कर्त्यांनी पुराला सरसकट मज्जाव केला नाही. नर आणि मादी या दोन सांडव्यांवाटे त्यांनी त्याला वाट नेमून दिली, आणि म्हणूनच पोटात पाणीमहाल वागविणारी ती भिंत आजतागायत टिकून आहे. अतिसंवाहक द्रव्यही चुंबकीय क्षेत्राशी असाच तह करते, हे कळावयास मात्र शास्त्रज्ञांना बराच काळ लागला.

१९११ साली लायडन येथे कामरलिंग ओनेस यांना पारा ४.२ केल्विनच्या सुमारास आपला विद्युतरोध समूळ टाकतो, म्हणजेच अतिसंवाहक होतो, असे आढळले; १९३३ साली माइसनर आणि ओक्सनफेल्ड यांनी दाखविले की असे द्रव्य चुंबकीय क्षेत्राला आपल्या हद्दीबाहेर हाकलते, परंतु क्षेत्र मर्यादेपलीकडे गेले की त्याचा अतिसंवाहकपणाच लोपतो. शुद्ध धातूंचा हा न्याय मिश्रधातूंना लागू पडत नाही, हे खार्कोव्हच्या लेव शुब्निकोव्ह यांनी शिसे व थॅलियम यांच्या मिश्रणांवर प्रयोग करून १९३७ साली प्रसिद्ध केले: तेथे मर्यादा दोन, पहिलीपाशी क्षेत्र आत शिरू लागते आणि दुसरीपाशी अतिसंवाहकता संपते. त्याच वर्षी स्टालिनच्या राजवटीने त्यांना देहान्ताची शिक्षा दिली.

या दोन मर्यादांमधील अवस्थेचा उलगडा भौतिकशास्त्रज्ञ अब्रिकोसोव्ह यांनी केला. गुरू लांडाऊ यांना तो प्रथम पटला नाही, आणि १९५७ पर्यंत तो अप्रकाशित राहिला. त्यांच्या सिद्धांताप्रमाणे क्षेत्र आत शिरते ते सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपाने. प्रत्येकाचा गाभा सामान्य धातूसारखा असतो, त्याभोवती विद्युतप्रवाह फिरत राहतो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला नेमका २.०७ × १०⁻¹⁵ वेबर एवढाच चुंबकीय अभिवाह येतो. बाहेरचे क्षेत्र वाढवावे तसतशी भोवऱ्यांची संख्या वाढून ते दाटीवाटीने, बहुधा त्रिकोणी जाळीत, उभे राहतात. १९६७ साली एसमान आणि ट्रॉयब्ले यांनी सूक्ष्म लोहचुंबकीय कणांच्या साह्याने ही जाळी प्रत्यक्ष टिपली.

द्रव्यातून प्रवाह सोडला की या भोवऱ्यांवर बल येते, आणि ते सरकू लागले की ऊर्जा खर्ची पडून रोध पुन्हा उपजतो. परंतु स्फटिकातील दोष त्यांना जागच्या जागी खिळवून ठेवतात. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचा चुंबक ज्या नायोबियम-टायटॅनियमच्या तारेने गुंडाळलेला असतो, तिचे सामर्थ्य अशा मुद्दाम राखलेल्या दोषांवरच अवलंबून आहे.

भोवऱ्यांच्या अभ्यासाची ही परंपरा मुंबईतही नांदते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने २०१९ साली मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या पातळ पटलात दाखवून दिले की क्षेत्र वाढत गेले असता भोवऱ्यांची जाळी एकदम वितळत नाही; स्थायूपासून साध्या द्रवापर्यंत पोचण्यापूर्वी ती एका मधल्या द्रवावस्थेतून जाते, जीत भोवऱ्यांच्या जागांची शिस्त मोडलेली असली तरी दिशांची शिस्त शिल्लक असते.

अब्रिकोसोव्ह यांना २००३ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला, तो सर्वथा योग्यच होता. परंतु या कुळाच्या दप्तरात पहिली नोंद करावयाची ती शुब्निकोव्ह यांच्याच नावे केली पाहिजे.