थ्रेड : धाव, चाकोरी आणि हवेतला पाउंड

१/ गणेशोत्सव जवळ आला की परळ-लालबागच्या कार्यशाळांतून मूर्ती बाहेर पडू लागतात. लहान मंडळांची मूर्ती अनेकदा पिकअपमधून जाते. मूर्तीला हादरा बसू नये म्हणून चाकांतली हवा थोडी कमी करावी, असा मोह अशा वेळी होतो. तो घातक का, हे चाकाच्या इतिहासातून उलगडते.

२/ बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टी चढवीत. तिला ‘धाव’ म्हणत. सारा भार त्या अरुंद धावेवर येई, रस्ता खचे आणि चाकोरी पडे. आज आपण आयुष्याची चाकोरी म्हणतो, तो शब्द या खचलेल्या रस्त्यातून आला.

३/ रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये हवाभरल्या चाकाचे पेटंट घेतले, पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना नव्याने साकारली. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो शर्यतीत मिशलँ बंधूंनी ती मोटारीला लावली.

४/ या शोधाचे मर्म असे, की भार मुख्यतः रबर पेलत नाही, आतली दाबलेली हवा पेलते. एका चाकावर ३५० किलो भार आणि ३५ पाउंड हवा असेल, तर ढोबळ हिशेबाने टायर पोस्टकार्डाहून किंचित मोठ्या जागेवर टेकतो. हवा तीच ठेवून भार दुप्पट केला, तर ही जागाही जवळजवळ दुप्पट होते. टायरच्या भिंती अधिक वाकतात, तापतात आणि अखेर फुटू शकतात.

५/ म्हणूनच पिकअपचे गणित मोटारीहून निराळे आहे. सकाळी भरलेली गाडी दुपारी रिकामी परतते, आणि हा फरक मुख्यतः मागच्या चाकांवर पडतो. भरल्या गाडीला मागे जास्त हवा लागते. रिकाम्या गाडीत तीच हवा राहिली, तर मागची बाजू उसळते आणि टायरची पकड घटते.

६/ २००५ मध्ये टाटा एस आली आणि लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले. नाव हत्तीचे असले, तरी तिच्या चाकांनाही मर्यादा आहे!

७/ किती हवा भरावी? चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टी किंवा गाडीची पुस्तिका पाहावी. तेथे पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे असतात. भरल्या-रिकाम्या गाडीचे वेगळे दिले असतील, तर तेही पाळावेत. टायरच्या भिंतीवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोजच्या वापराचा नव्हे. हवा टायर थंड असताना मोजावी. धावून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो, म्हणून ती काढू नये. टायर निवल्यावर दाब कमी पडेल.

८/ १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली. मण-शेर गेले, मैल गेले. चाकातल्या हवेत मात्र ‘दर चौरस इंचाला पाउंड’ हे माप आजही टिकून आहे.

९/ तेव्हा मूर्ती नेताना हवा कमी करू नका, वेग कमी करा. मूर्तीखाली गादी घाला, दोर आवळा. लोखंडी धावेपासून इथवर यायला माणसाला शतके लागली. ती कमाई दोन मिनिटांत सोडून देऊ नये.

इति.