हृदयप्रत्यारोपणानंतरचे लयदोष

दात्याचे हृदय रुग्णाच्या छातीत बसवल्यानंतर त्याच्या ठोक्यांत होणारे बिघाड व त्यांवरील उपचार. प्रत्यारोपणात रक्तवाहिन्या शिवल्या जातात, चेता मात्र तुटलेल्याच राहतात. वेगस चेतेचा लगाम सुटल्यामुळे विश्रांतीतही नाडी मिनिटाला ९० ते ११० पडते. तो आजार नव्हे. जिना चढताना ती उशिरा वाढते आणि बसल्यावर उशिरा उतरते, कारण आता तिची भिस्त रक्तातल्या ॲड्रिनॅलिनवर असते.

उपचारांतली मेख इथेच आहे. मंद नाडीवर सवयीने दिले जाणारे ॲट्रोपीन वेगसमार्फत काम करते, म्हणून इथे ते सहसा लागू पडत नाही. आयसोप्रिनॅलीन किंवा तात्पुरता पेसमेकर लागतो. नाडी सुधारलीच नाही तर कायमचा. जलद ठोके थांबवणाऱ्या ॲडिनोसीनचा परिणाम उलट फाजील होतो, त्यामुळे नेहमीच्या ६ मिलिग्रॅमऐवजी निम्म्या किंवा त्याहून कमी मात्रेने सुरुवात करतात. नाडी मंदावणाऱ्या डिल्टियाझेमने, शरीराने हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते, हेही विसरून चालत नाही.

लोअर व शमवे या शल्यचिकित्सकांच्या मूळ पद्धतीत रुग्णाच्या जुन्या अलिंदांचा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा) भाग मागे राही. तो आपल्याच चालीने चालतो, म्हणून ईसीजीत कधी दोन वेगळ्या पी-लहरी दिसतात आणि नवख्याची फसगत होते. दोन्ही महाशिरा स्वतंत्रपणे जोडण्याची पद्धत रूढ झाल्यावर पेसमेकरची गरज घटली. अलिंदाचा फ्लटर उशिरा उद्भवला, तर आधी शरीर हृदय नाकारत नाही ना, हे बायॉप्सीने पाहावे. नकार असेल तर उपचार त्याचा. नसेल तर कॅथेटर ॲब्लेशन बहुधा गुण देते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. शहरात ही शस्त्रक्रिया यशस्वी झाली ती ऑगस्ट २०१५ मध्ये, पुण्याहून आणलेल्या हृदयाने. मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्यात मात्र प्रत्यारोपण केंद्र नाही. अवयववाटपासाठी जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय समन्वय समितीकडे येतो. म्हणून शस्त्रक्रिया करून जिल्ह्यातल्या कळमनुरी-सेनगावकडे परतलेल्या रुग्णाला धडधड सुरू झाली, तर पहिला ईसीजी निघणार तो जवळच्या सरकारी दवाखान्यात. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड व चालू गोळ्यांची यादी जवळ असावी, आणि इंजेक्शन देण्यापूर्वी ईसीजीचा फोटो प्रत्यारोपण केंद्राला पाठवून फोन करावा. रक्तदाब कोसळून रुग्ण बेशुद्ध होत असेल, तर मात्र फोनची वाट न पाहता शॉक द्यावा. चेता तुटल्या म्हणून त्यात काही फरक पडत नाही.