जिताड्याचे बाळपण

शिळफाटा म्हटले की मुंबईकराला ठाण्याजवळचा शिळफाटा आठवतो. आमचा शिळफाटा खोपोलीचा, बोरघाटाच्या पायथ्याचा. येथून समुद्र दिसत नाही, त्याचा वाराही लागत नाही. तरीही पेणकडून एखादा पाहुणा ओल्या फडक्यात गुंडाळलेला जिताडा घेऊन घरी आला, की सगळे घर उठून बसते. रायगड जिल्ह्यात जिताड्याची भेट म्हणजे मानाची भेट. कामे अडली की साहेबांच्या घरी जिताडा पोचतो, अशी थट्टाही आपण ऐकत आलो आहोत. पण ज्या माशाचा एवढा मान, त्याच्या बाळपणाची चौकशी आपण क्वचितच करतो. या दिवाळीत ती करू या.

जिताडा हा दोन पाण्यांचा मासा. अंडी घालायला त्याला खाडीच्या मुखाकडचे खारे पाणी लागते आणि पावसाळ्यात भरती-ओहोटीच्या तालावर हे काम चालते. एकेक मोठी मादी लाखो अंडी घालते. पिल्ले मात्र खोल पाण्यात रमत नाहीत. भरतीबरोबर ती उथळ खाडीत, खारफुटीच्या मुळांत, खाजणात शिरतात आणि पुढे नदीच्या गोड्या पाण्यापर्यंत चढतात. गढूळ, कोमट, गुडघाभर पाणी हे त्यांचे पाळणाघर. तेथे बारीक कोळंबी व जीवजंतू खायला मिळतात आणि मोठे शत्रू सहसा पोचत नाहीत. मौज अशी की हा मासा पहिली काही वर्षे नर असतो आणि बराच वाढला म्हणजे मादी होतो! म्हणून लहानपणीच जो पकडला गेला, तो आई होण्याआधीच गेला असे समजावे.

आता वाचक विचारतील, लाखो अंडी घालणाऱ्या माशाला तोटा कसला? पण एखाद्या वर्षी खाडी पिल्लांनी नुसती वळवळते, तर एखाद्या वर्षी दिवसभर जाळे फिरवूनही ओंजळ भरत नाही. हे कोडे आपल्याकडेच होते असे नाही. नॉर्वेत हेरिंग मासा काही वर्षे उदंड येई, काही वर्षे दिसेनासा होई. योहान योर्ट या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने माशाच्या खवल्यांवरील वलये मोजून त्यांची वये काढली. तेव्हा दिसले की पुढची अनेक वर्षे जाळ्यात येणारे बहुतेक हेरिंग १९०४ या एकाच सालात जन्मलेले होते! १९१४ साली त्याने आपले म्हणणे मांडले : माशांचे वैभव आयांच्या संख्येपेक्षा पिल्लांच्या पहिल्या काही दिवसांवर ठरते. त्या दिवसांत खाणे मिळाले तर पिढी तरते, नाही तर बुडते. हिशेब करून पाहा. दहा लाख अंड्यांतून दहा मासे वाचले काय आणि वीस वाचले काय, मरणाऱ्यांच्या आकड्यात फरक दिसणारही नाही. पण कोळ्याच्या टोपलीत मासळी दुप्पट होते.

जिताड्याच्या बाबतीत हा तराजू गोड्या पाण्याच्या हाती आहे. ऑस्ट्रेलियातही हाच मासा आहे, तेथे त्याला बारामुंडी म्हणतात. क्वीन्सलँडमधील फिट्झरॉय नदीच्या मुखाशी शास्त्रज्ञांनी त्याच्या कानातील खड्यावरची वलये मोजली. ज्या वर्षी नदीला पाणी भरपूर आले, त्या वर्षीची पिढी दांडगी निघाली. पुराबरोबर अन्न येते, खाजणे भरतात आणि पिल्लांना वर चढायला वाट मिळते.

येथे आमच्या शिळफाट्याचा संबंध येतो. १९११ साली टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला लोणावळ्यास बसली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईस पोचली. जे पाणी इंद्रायणीतून पूर्वेच्या समुद्राकडे जायचे, ते तलावांत अडवून १,७०० फुटांहून अधिक खाली नळांतून उतरवले आणि चक्रे फिरवून झाल्यावर पाताळगंगेत सोडले. पुढे १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीला तसेच झाले व उल्हास नदीला घाटावरचे पाणी मिळाले. उन्हाळ्यात आटणारी पाताळगंगा बारमाही झाली. त्यातले बरेचसे पाणी आज कारखान्यांना आणि शहरांना जाते. उरलेले आपट्यावरून, खारपाड्यावरून धरमतरच्या खाडीकडे निघते. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस अशा रीतीने खाडीच्या खारटपणात हात घालतो.

खाडीच्या काठची कथा याहून जुनी आहे. पेण-अलिबागच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या बांध घालून समुद्राकडून भातशेती मिळवली. बांधाला उघाडी ठेवायची. ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जाते, भरतीला झडप मिटते. १९४८ साली सरकारने खारभूमीसाठी कायदाही केला. भात पिकले, पण झडपेने पिल्लांची वाट अडली. तेव्हा लोकांनीच तोड काढली. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याचे बीज बारीक जाळीने धरायचे, हंड्यातून आणायचे आणि गावच्या तळ्यात सोडायचे. निसर्गाची बंद झालेली वाट माणसाने डोक्यावरून पार करवली म्हणायला हरकत नाही. पिल्ले सारख्या आकाराची निवडावी लागतात, कारण मोठे भावंड धाकट्याला खुशाल गिळते!

परंतु धरायला बीज खाडीत असावे लागते. खारफुटी तुटली, खाजणे भरून इमारती उठल्या, कारखान्यांचे सांडपाणी नद्यांत आले, की पाळणाघरच आक्रसते. बारीक जाळ्यांची काळजी जुनी आहे. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने १८७३ च्या अहवालात पिल्लांच्या नासाडीबद्दल तक्रार केली होती. १८९७ च्या कायद्याने सुरुंग आणि विष घालून मासे मारण्यास बंदी केली. आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते. पण नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची कोळ्यांची रीत त्याहून कितीतरी जुनी. २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान धरू नये असा नियम झाला.

विज्ञानही स्वस्थ बसलेले नाही. थायलंडमध्ये सोंगखला येथे १९७० च्या दशकात जिताड्याचे बीज कृत्रिम रीतीने तयार झाले, तर चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातील मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने १९९७ साली ते आपल्याकडे साधले. आता तळ्यासाठी बीज विकत आणता येते. ही सोय मोठीच. पण विकत आणलेले बीज तळे भरील, खाडी भरणार नाही. जे कालपर्यंत पावसाबरोबर फुकट येत होते, त्याला आज पैसे मोजावे लागतात, हे या कथेतले दुखरे अंग आहे.

दिवाळीत पावसाचा जोर सरलेला असतो आणि यंदाची पिल्ले आता बोटाएवढी होऊन खारफुटीच्या मुळांत फिरत असतील. त्यांतली किती मोठी होतील हे घाटावरचे पाणी, खाडीतला चिखल आणि आपला हात यांवर अवलंबून आहे. पहिल्या दोहोंवर आपला इलाज थोडा. तिसरा मात्र आपलाच आहे. बाजारात बोटभर मासळीचा वाटा समोर आला, तर तो उचलण्याआधी क्षणभर थांबावे. पुढच्या दिवाळीला पाहुण्याच्या हातातले फडके ओले असावे, एवढ्यासाठी तरी!