बावची, ऊन आणि सोरालेन : कोडावरील प्रकाशोपचाराचा इतिहास

कोडावरील प्रकाशोपचार अभ्यासताना ‘सोरालेन’ हा शब्द तुम्हांला वारंवार भेटेल. हे नाव आले कुठून, या प्रश्नापासून आपण सुरुवात करू.

आपल्या वैद्यपरंपरेत बावचीच्या बियांचा लेप कोडावर लावून रुग्णाला उन्हात बसवत. चरकसंहितेतही श्वित्राच्या रुग्णाने औषध घेतल्यावर शक्तीनुसार ऊन घ्यावे, असे सांगितले आहे. औषध आणि ऊन ही जोडी अशी जुनी आहे. ती का लागू पडते, हे मात्र तेव्हा ठाऊक नव्हते.

१९३३ मध्ये बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव यांनी बावचीच्या बियांचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यांनी वेगळ्या केलेल्या एका द्रव्याला ‘सोरालिया’ या वनस्पतिनामावरून सोरालेन हे नाव मिळाले. पुढे १९४७ मध्ये इजिप्तमध्ये फहमी यांच्या गटाने आमी मेजस या वनस्पतीतून याच कुळातील द्रव्य मिळवले आणि एल मोफ्ती यांनी ते कोडाच्या रुग्णांना देऊन पाहिले.

याचे कार्य असे चालते : सोरालेन पेशीतील डीएनएच्या धाग्यांमध्ये शिरते आणि अतिनील-अ किरण पडल्यावर त्यांना घट्ट जोडले जाते. या उपचाराने केसांच्या मुळांशी उरलेल्या रंगपेशी वाढून त्वचेकडे सरकतात. म्हणूनच रंग आधी केसांभोवती ठिपक्यांनी परततो आणि केस नसलेल्या बोटांच्या टोकांवर सहसा परतत नाही. मात्रा चुकली, तर त्वचा भाजते.

१९७४ मध्ये अमेरिकेत सोरालेन आणि अतिनील-अ दिव्यांची पद्धत सोरायसिससाठी मांडली गेली. तिला ‘पुवा’ म्हणतात. दिव्याऐवजी ऊन वापरले, की ती ‘पुव्हासोल’. १९९७ मध्ये ॲमस्टरडॅममधील वेस्टरहॉफ यांनी ३११ नॅनोमीटरचे अतिनील-ब किरण कोडावर उपयोगी ठरतात, हे दाखवले. या पद्धतीत सोरालेन लागतच नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. कोड संसर्गजन्य नाही आणि तो कुष्ठरोगही नाही. तरीही ‘श्वेतकुष्ठ’ हा शब्द टिकून राहिला, आणि त्याबरोबर लग्ने मोडणारी भीतीही. २००६ च्या ‘नितळ’ या मराठी चित्रपटात कोड असलेली डॉक्टर तरुणी याच भीतीला सामोरी जाते. दिवा त्वचेवरचा डाग कमी करू शकतो. शब्दावरचा डाग पुसणे तुमच्याआमच्या हाती आहे.

विचारासाठी प्रश्न : या उपचाराचा शोध नेमका कोणी लावला, असे तुम्ही म्हणाल? वैद्यांनी, बंगळूरच्या रसायनशास्त्रज्ञांनी, की इजिप्तच्या डॉक्टरांनी? उत्तर लिहिताना ‘शोध’ या शब्दाचा तुमचा अर्थ आधी स्पष्ट करा.